ख्रिस्ती माणसानं कोणतं गाणं निवडावं? तरुण संघाच्या एका पानासाठी मदत हवी

पऱ्हाटी
सलाम मंडळी. गावातल्या तरुण संघासाठी संगीतावर एक पान लिहायचं आहे. कमिटीचा मसुदा चार ओळींचा आहे: सिनेमाची गाणी ऐकू नयेत, लग्नात डीजे नको, दुसऱ्यांच्या भजनात-मिरवणुकीत बसू नये, मोबाइलवर फक्त भक्तिगीतं ठेवावीत. चारही ओळींत "का" कुठंच नाही. वीस वर्षांच्या पोराला "का" सांगितलं नाही तर तो समोर मान डोलावतो आणि बाहेर पडून इअरफोन लावतो. वचनाचा आधार, इतिहास आणि प्रत्यक्षात कसं करायचं, तिन्ही हवंय. "ज्याचा त्याचा प्रश्न" एवढंच लिहायचं असेल तर पुढचा धागा बघा.

जुनी_पट्टी
मसुदा चांगला आहे, "का" मी देतो. फिलिप्पैकरांस ४:८. जे सत्य, न्याय्य, शुद्ध, त्याचंच मनन करा असं पौल सांगतो. गाणं हे नकळत होणारं मनन आहे. रविवारचा उपदेश मंगळवारी आठवत नाही, पण शाळेच्या वयात कानावर पडलेलं धृपद साठीतही शब्दासकट येतं. म्हणून गाण्याला उपदेशापेक्षा बारीक चाळणी हवी. पोरांना बारीक फरक समजावत बसलात तर ते फटी शोधतात. सरळ कुंपण घाला.

वऱ्हाडी_ठसका
कुंपण घाला ना बाप्पा, कोन नाही म्हणते? पण काळीपिवळीत बसल्यावर कानाले कुलूप लावता का? तो डायवर काय उपासना संगीत वाजवून राह्यला?

पेटीमास्तर
ठसकाभाऊ, यात अर्धं उत्तर आलं. कानावर पडणं वेगळं, निवडून ऐकणं वेगळं. मार्क ७ मध्ये येशू म्हणतो की बाहेरून आत जाणारं माणसाला विटाळत नाही, आतून निघणारं विटाळतं. काळीपिवळीतलं गाणं बाहेरून आलं. घरी येऊन तेच शोधून दहादा लावणं हे आतून निघालं.

जुनी_पट्टी
मार्क ७ न धुतलेल्या हातांबद्दल आणि अन्नाबद्दल आहे. गाण्यावर ओढू नका.

पेटीमास्तर
बरं, मग संगीताला थेट मनाई करणारं वचन तुम्ही दाखवा. उत्पत्ति ४:२१ मध्ये तंतुवाद्यं आणि पावा वाजवणाऱ्यांचा मूळ पुरुष युबाल, तोही काइनाच्या वंशातला. तरी तीच वाद्यं स्तोत्र १५० मध्ये देवाच्या स्तुतीला आहेत, आणि १ शमुवेल १६:२३ मध्ये दाविदाच्या वादनानं शौलाला उतार पडतो. आमोस ५:२३ मध्ये तर उलटच आहे. तिथं देव उपासनेतलीच गाणी थांबवा म्हणतो आणि लगेच पुढच्या वचनात न्याय मागतो. मजुराची मजुरी अडकवून ठेवणाऱ्याच्या घरी भक्तिगीत लागलं, तर चौथी ओळ पाळली गेली असं धरायचं का?

निंबोणी
+१. शिवाय "ख्रिस्ती" लेबल असलेल्या गाण्यांतही भरपूर कचरा आहे. विश्वास ठेव की कर्ज फिटेल, विश्वास ठेव की पीक दुप्पट होईल. ज्या जिल्ह्यात शेतकरी कर्जापायी जीव देतात तिथं असं गाणं लावणं हे एखाद्या प्रेमगीतापेक्षा जास्त घातक आहे. पीक बुडालं की ऐकणारा स्वतःच्याच विश्वासाला दोष देतो.

सातवी_ओवी
मसुद्यातली तिसरी ओळ सगळ्यात कच्ची. करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय ८ आणि १० एकत्र वाचा. मूर्तीला वाहिलेल्या मांसाबद्दल पौल तीन ठिकाणं वेगळी धरतो. देवळातल्या पंक्तीला बसणं (८:१०, १०:२१) नको. बाजारात विकायला आलेलं मांस (१०:२५) चौकशी न करता घ्या. शेजाऱ्यानं जेवायला बोलावलं (१०:२७) तर वाढेल ते खा. पण कुणी मुद्दाम सांगितलं की हे नैवेद्याचं आहे, तर सांगणाऱ्याकडे बघून थांबा (१०:२८).

हे गाण्याला तसंच लावून बघा. आरतीत उभं राहून म्हणणं ही पंगत. शास्त्रीय गायनाच्या क्लासात कृष्णाच्या नावाची बंदिश शिकणं हा बाजार. शेजाऱ्याच्या ओसरीवर खंजिरी भजन चाललंय, चहा आलाय, तुम्ही बसून ऐकताय, हे शेजाऱ्याचं ताट. त्यातही तुकडोजी महाराजांची कितीतरी भजनं ग्रामसफाई, व्यसन आणि कष्टकऱ्यांवर आहेत. ती ऐकल्यानं ख्रिस्ती माणसाचं काय बिघडतं ते मसुदा लिहिणाऱ्यांनी सांगावं.

भीमगीतांचंही तेच. आपल्याकडे पुष्कळ ख्रिस्ती घरांचे सोयरे बौद्ध आहेत, एकाच गल्लीत राहतात. भीमगीत बहुतेक वेळा बाबासाहेबांचं चरित्र आणि हक्काची गोष्ट सांगतं. त्रिसरण-पंचशील मात्र त्यांची वंदना आहे. तिथं आदरानं उभं राहावं, म्हणू नये. दोन्हींवर "मिरवणूक" म्हणून एकच फुली मारली तर १४ एप्रिलला पोरं तोंड लपवून फिरतील आणि सोयऱ्यांशी उगाच वाकडं येईल.

शेवंती
क्लासबद्दल विचारायचं होतं. गांधर्वच्या गायनाच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलीनं देवांची नावं असलेल्या बंदिशी टाळाव्यात का? घरून विरोध आहे.

पेटीमास्तर
गुरुजींशी सुरुवातीलाच बोला, परीक्षेच्या आदल्या महिन्यात नको. सरगमगीत, लक्षणगीत, तराणा यांत देवाचं नाव नसतं. ऋतू, विरह, गुरुमहिमा यांवरच्या बंदिशी बहुतेक प्रचलित रागांत मिळतात. एका रागात दोन-तीन बंदिशी माहीत नसलेला गुरू विरळाच. मात्र वर्गाच्या सुरुवातीची वंदना हा वेगळा प्रकार आहे. तिथं मुलीनं हात जोडून गप्प उभं राहिलं तर कुणी हरकत घेत नाही. पेटी, तबला किंवा बासरी शिकत असेल तर प्रश्नच मिटतो, शब्दच नाहीत.

जुनी_पट्टी
सातवी_ओवी, तुमची मांडणी सुबक आहे, पण अध्याय ८ चा गाभाच सुटला. तिथं मुद्दा मांसाचा नाही, दुर्बळ बंधूचा आहे. जो माणूस कालपर्यंत त्याच भजनी मंडळात ढोलकी वाजवत होता आणि आज मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आलाय, त्याच्यासाठी ती ओसरी हेच देऊळ. त्या ठेक्यावर त्याचा हात आपोआप हलतो, आणि हातामागून मन जातं. त्याला "बाजार" आणि "ताट" शिकवू नका. तुम्हाला चालतं म्हणून तुम्ही त्याच्यादेखत बसलात, तर पौलाच्या हिशेबात पाप तुमच्या खात्यात.

सातवी_ओवी
इथं सहमत. पानात दोन वाक्यं घाला: नवीन आलेल्या विश्वासणाऱ्याला सोबत घेऊन भजनाला जाऊ नये, आणि त्यानं टाळलं तर त्याला "कच्चा" म्हणू नये. रोमकरांस १४ दोन्ही बाजूंना दटावतं. खाणाऱ्यानं न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये, न खाणाऱ्यानं खाणाऱ्याचा न्याय करू नये. आपल्या मंडळ्यांत दुसरा अर्धा भाग कुणी वाचत नाही, ही खरी रड आहे.

वऱ्हाडी_ठसका
अन् ज्याचं पोटच वाजवण्यावर आहे त्याचं काय? बँडपार्टीत ख्रिस्ती पोट्टे हायेत. गणपतीच्या मिरवणुकीची सुपारी आली तं घ्याची का नाही? पाळकसाहेब घरभाडं देतीन का?

निंबोणी
२ राजे ५:१८-१९ काढा. अरामाचा सेनापती नामान कोडातून बरा झाल्यावर संदेष्टा अलीशाला विचारतो, माझा मालक, म्हणजे राजा, रिम्मोनाच्या देवळात माझ्या हातावर टेकून नमन करतो तेव्हा मलाही वाकावं लागतं, त्याचं काय? अलीशा म्हणतो, शांतीनं जा. नोकरीतलं वाकणं आणि मनातलं वाकणं संदेष्ट्यानं वेगळं धरलं. बँडवाल्या पोराला रस्त्यावर वाजवू द्या. मूर्तीपुढच्या आरतीला तो ट्रम्पेट खाली ठेवू शकतो. सुपारी ठरवताना मास्तरला आधी सांगितलं तर दुसरा वाजवतो. ऐनवेळी सांगितलं तर भांडण होतं आणि पैसे कापले जातात.

जुनी_पट्टी
अलीशानं "शांतीनं जा" म्हटलं, "बरोबर केलंस" नाही म्हटलं.

निंबोणी
चूकही नाही म्हटलं :)

मेळघाटी
तुमच्या सगळ्या चर्चेत कोरकू आदिवासी घरं सुटली. इकडे फागुन हा वर्षाचा मोठा सण. ढोल-बासरीवर नाचत फगवा मागतात. जुन्या मिशनच्या काळात कुठं कुठं ढोलच बंद केला गेला, आणि पोरांना वाटायला लागलं की ख्रिस्ती होणं म्हणजे पेटीवर बसून गाणं. कॅथलिकांनी १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या उपासनेवरच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलं की लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला उपासनेत योग्य जागा द्यावी. तरी कोरकू चाल उचलायची असेल तर आधी गावातल्या दोन म्हाताऱ्या बायांना विचारा, ही कधी गातात? सिडोलीची, म्हणजे मृताच्या विधीची चाल नाताळात घेतली तर ऐकणारे रडतील नाहीतर हसतील. पेरणीची, लग्नाची, पोर झोपवायची चाल चालते. ताल बदलू नका. चार मात्रांत बसवायच्या नादात नाचणाऱ्यांचा पाय चुकतो आणि मग कुणी उठतच नाही.

पेटीमास्तर
मेळघाटी, हा प्रतिसाद मसुद्याला जोडावा इतका कामाचा आहे.

आता सिनेमाच्या चालीवर भक्तिगीत, कारण नाताळात हेच भांडण होणार. तत्त्व म्हणून आक्षेप टिकत नाही. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) जगभर काट्यांच्या मुकुटाचं जे गीत गातात, त्याची चाल हान्स लिओ हासलरनं १६०१ मध्ये छापलेल्या प्रेमगीताची. संगीतकार बाखनं ती मत्तयकृत शुभवर्तमानावरच्या पॅशनमध्ये, म्हणजे ख्रिस्ताच्या दुःखसहनाच्या संगीतरचनेत, पुन्हापुन्हा घेतली. आपल्याकडे फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापलं गेलं, जवळजवळ ११,००० ओव्या. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी तुकोबांच्या अभंगाचा साचा तसाच उचलून ख्रिस्ताच्या पायाशी नेला. उसनवारी जुनीच आहे.

घोटाळा तीन जागी होतो. पहिला, आठवणीचा. चाल नुसती पेटीवर वाजवा, कुणाला काही सांगू नका. समोरच्यांच्या ओठांवर सिनेमाचे शब्द आले तर ती चाल उपासनेत आणू नका. लोक स्तुती म्हणतील आणि डोळ्यांपुढे नटी येईल.

दुसरा, ऱ्हस्व-दीर्घाचा. सिनेमाच्या चालीत जिथं सूर लांबतो तिथं तुमचं ऱ्हस्व अक्षर येतं. "कृपा"मधला "कृ" चार मात्रा ताणला जातो आणि "पा" गिळला जातो. अभंगाचा साचा ६-६-६-४ असा बांधलेला, त्यामुळे एका अभंगाची चाल दुसऱ्याला बसते.

तिसरा, पट्टीचा. सिनेमाची गायिका तार मध्यमापर्यंत (वरच्या सप्तकातल्या म पर्यंत) सहज जाते, मंडळी जात नाही. काळी एक पट्टीत तार षड्जापर्यंतची (वरच्या सा पर्यंतची) चाल बायका-पुरुष दोघांना झेपते. चाल त्याच्या वर जात असेल तर पट्टी खाली आणा. पण मग मंद्रातले (खालच्या सप्तकातले) सूर पुटपुटल्यासारखे होतात. तेव्हा चालच सोडा. निम्मी मंडळी गप्प बसून कॉयरचं ऐकत असेल तर तो कार्यक्रम झाला, उपासना नाही.

जुनी_पट्टी
टिळकांनी अभंग घेतला, तमाशा नाही घेतला. हे विसरू नका.

सोयाबीन_भाव
अवांतर: आमच्या ग्रुपवर फिरतंय की मध्ययुगात चर्चनं एका स्वरांतरावर "सैतानाचं" म्हणून बंदी घातली होती, आणि आजची गाणी तेच वापरतात. शिवाय ४४० हर्ट्झवर लावलेलं संगीत सैतानी. खरं काय?

पेटीमास्तर
ते स्वरांतर म्हणजे षड्ज ते तीव्र मध्यम (सा ते तीव्र म). अशा बंदीचा चर्चचा हुकूम कुणाला सापडलेला नाही. "संगीतातला सैतान" हे नाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या संगीतग्रंथांत येतं, कारण ते गायला आणि जुळवायला अवघड. बंदी खरी मानली तर, तीव्र मध्यम असलेला यमन राग आळवणारा प्रत्येक जण नरकात. सूर लावायचा ४४० हा आकडा १९३९ च्या लंडन परिषदेत ठरला, वाद्यं एकमेकांशी जुळावीत म्हणून. त्याआधी फ्रान्समध्ये ४३५ होता.

वऱ्हाडी_ठसका
आमच्या चर्चची पेटी कोनत्याच हर्ट्झमंधी नाही. सैतानालेही सापडत नशीन.

सातवी_ओवी
😂 तिचे सूर घासून घ्या आधी.

इतिहासाचं एक पानात घ्या, म्हणजे पोरांना कळेल की हा वाद आपल्या गावात सुरू झालेला नाही. जुन्या काळातला बिशप ऑगस्टीन आपल्या 'कबुलीजबाब' या पुस्तकाच्या दहाव्या भागात म्हणतो की गायल्या जाणाऱ्या शब्दांपेक्षा गाणंच जास्त भिडलं तर ते मी पाप धरतो. तरी चर्चमधलं गाणं राहावं असंच त्याचं मत पडतं. प्रोटेस्टंट सुधारक झ्विंग्ली स्वतः वाद्यं वाजवण्यात तरबेज, पण झुरिकच्या उपासनेतून त्यानं संगीत काढलं. दुसरा सुधारक लूथर, त्यानं संगीताला देवशास्त्राच्या खालोखाल मान दिला. तिघंही एकच बायबल वाचत होते.

राखेचा_बुधवार
कॅथलिकांकडून एक सवय उसनी घ्या. प्रायश्चित्तकाळात (ईस्टरआधीच्या उपवासाच्या ४० दिवसांत) आलेलूया म्हणत नाहीत, वाद्य फक्त गाण्याला आधार देण्यापुरतं. पवित्र गुरुवारच्या ग्लोरिया या स्तुतिगीतानंतर घंटा बंद, त्या थेट पास्खा जागरणाच्या (ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या) ग्लोरियाला वाजतात. गाणं वाईट म्हणून नव्हे, ठरावीक काळ सोडायचं म्हणून. तरुणांना "कायम बंद" झेपत नाही, "४० दिवस इअरफोन नाही" झेपतं. आणि कोणतं गाणं आपल्याला सोडत नाही तेही पहिल्या आठवड्यातच समजतं.

निंबोणी
हे आवडलं. पहिल्या ओळीसाठी माझ्याकडून शब्दांची चाचणी. गाण्याचे शब्द वहीत स्वतःच्या हातानं उतरवा, चाल न लावता सावकाश वाचा. घरात आई-बहिणीसमोर वाचता येतात का? गाण्यात बाई माणूस आहे की माल? दारू, मारामारी, जात यांचा माज आहे का? ठेका गेला की पुष्कळ गाणी उघडी पडतात, आणि पुष्कळ प्रेमगीतं निर्मळ निघतात. गीतरत्न पवित्र शास्त्रात आहे, नवराबायकोच्या प्रेमाचं गाणं आपोआप अपवित्र होत नाही.

मोबाइलवर आपोआप पुढचं लागणं बंद करा. नाहीतर पहिलं गाणं तुम्ही निवडता आणि पुढची दहा यंत्र.

शेवंती
कापूस वेचणीच्या वेळी हाच त्रास. तासात, म्हणजे कपाशीच्या ओळीत, दहा बाया, एकीच्या कमरेच्या ओटीजवळ मोबाइल, मोठ्यानं डबल मीनिंगची गाणी. वेचता वेचता कान बंद कसे करणार? उठून गेलं तर रोज बुडतो.

सातवी_ओवी
तास बदलून मागा, भाषण देऊ नका. नाहीतर स्वतःच्या मोबाइलमध्ये दहाही जणींना चालेल असं भरून न्या. ओव्या, जुनी सिनेगीतं, लग्नाची गाणी. दुपारपर्यंत एकीची बॅटरी उतरतेच, तेव्हा दुसरीचं लागतं.

सोयाबीन_भाव
मोबाइल भरण्याचंही बघा. दुकानात पन्नास-शंभर रुपयांत कार्ड भरून मिळतं, त्यात भक्तिगीतंही असतात. ती चोरीचीच प्रत. "चोरी करू नको" भक्तिगीताला लागू नाही का? कॉपीराइट कायदा १९५७ चा. कवी किंवा संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. टिळक १९१९ मध्ये गेले, त्यांचे शब्द मोकळे आहेत. पण आज कुणी गाऊन ध्वनिमुद्रित केलं तर त्या ध्वनिमुद्रणावर हक्क आहे. खऱ्या धार्मिक विधीत गाण्याला कलम ५२ मध्ये सूट आहे, लग्नाची वरातही त्यात धरली आहे. सिनेमाच्या चालीवरचं नाताळगीत यूट्यूबवर चढवायला ती सूट नाही.

राखेचा_बुधवार
डीजेच्या ओळीला "जगिक आहे" एवढंच कारण देऊ नका, शेजाऱ्यावर प्रीती हे कारण द्या. आकडे असे: ८५ डेसिबलला कान ८ तास धरतो, दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला ४ तास, ९४ ला १ तास, १०० ला १५ मिनिटं. डीजेच्या गाडीपुढे १०० सहज ओलांडतात, आणि वरात दोन तास चालते. गल्लीत बाळंतीण असते, हृदयविकाराचा म्हातारा असतो, दाव्याला बांधलेलं जनावर असतं. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागाला दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल, आणि रात्री १० ते सकाळी ६ भोंगा बंद. हेच सुवार्ता सभेच्या भोंग्याला लागू. तिथं शब्द पवित्र असले म्हणून काही बाळंतिणीला झोप लागत नाही.

जुनी_पट्टी
भोंग्याचं पटलं. डीजे बंदची ओळ राहू द्या म्हणजे झालं.

पऱ्हाटी
सगळ्यांचे आभार. सध्या पान असं उभं राहतंय:

सिनेमाचं गाणं शब्द उतरवून तपासावं, आणि प्रायश्चित्तकाळात सगळंच बाजूला ठेवावं. लग्नात डीजे नाही. बँड किंवा ढोल चालेल, रात्री १० च्या आत. दुसऱ्यांच्या उपासनेत म्हणू नये. भजन, भीमगीत ऐकायला बसायला हरकत नाही, मात्र नवीन विश्वासणाऱ्याला सोबत नेऊ नये आणि जो बसत नाही त्याला बोलू नये. वाजवणं हा ज्याचा धंदा आहे त्यानं नामानाचा उतारा वाचून पाळकांशी बोलावं. चोरीची प्रत भरू नये, भक्तिगीताचीही नाही.

"फक्त भक्तिगीतं" ही ओळ काढली आहे. कमिटीत यावरच वाजणार.

जुनी_पट्टी
ती ओळ काढायला माझा विरोध नोंदवा. बाकी पानावर सही करायला तयार आहे.

वऱ्हाडी_ठसका
पट्टीबुवा, निम्म्याच्या वर आले तुम्ही! एक राह्यलं. ३१ डिसेंबरले रात्री बाराची उपासना असते, भोंगा लागतेच. दहाचा नियम लिहिला तं आपणच मोडू.

राखेचा_बुधवार
वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देता येते. त्या दिवसांची यादी जिल्हाधिकारी कार्यालयातून निघते. ३१ डिसेंबर तुमच्या जिल्ह्याच्या यादीत आहे का ते आधी बघून घ्या आणि पोलीस ठाण्याची परवानगी लेखी घ्या, तोंडी नको. यादीत नसेल तर १० ला बाहेरचा भोंगा उतरवा. बंद सभागृहात आतल्यांपुरता स्पीकर चालतो, फक्त दारं-खिडक्या लावून घ्या. बारानंतर मैदानात माइक नाही आणि वाद्यही नाही.